धारेचे चाक एकांगी का झिजते?

भिवंडी तालुक्यात भात हेच मुख्य पीक होय. पाऊस ओसरून हळवी भाते पिवळी पडू लागली की गावोगाव विळे व कोयते बाहेर निघतात. लोंबीतील शेकडा ८५ ते ९० दाणे पिकले म्हणजे कापणीस आरंभ करावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. त्यापुढे पीक उभे राहिले तर दाणे झडतात, आणि बोथट विळ्याने हिसडून कापले तर ते अधिकच झडतात. शिवाय खोडकिड्याच्या अळ्या धसकटात दडून राहत असल्याने कापणी जमिनीलगत करणे इष्ट असते. बोथट विळ्याने ते साधत नाही. अशा ऐन घाईत धारेचे चाक धडधडू लागले, तर दिवस वाया जातो आणि पातेही बिघडते.

पाण्याच्या पात्रातून सावकाश फिरणारे चाक हे धारेला सर्वांत निर्धोक. वेगाने फिरणाऱ्या कोरड्या चाकावर पात्याची कड क्षणात तापते. ती निळी पडली म्हणजे उष्णता ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचली आणि लोहाराने पात्याला दिलेले पाणी उतरले, असे समजावे. ओल्या चाकावर हा धोका जवळजवळ नाहीच. परंतु जे पाणी पात्याचे रक्षण करते, तेच निष्काळजीपणामुळे चाकाचा घात करते. चाक एकांगी झिजण्याची जी कारणे आहेत, त्यांत हे पहिले व सर्वाधिक आढळणारे होय.

काम संपल्यावर पात्रातील पाणी तसेच ठेवले की चाकाचा खालचा भाग रात्रभर भिजत राहतो व वरचा सुकतो. वालुकाश्माचा नैसर्गिक दगड असेल तर भिजलेला भाग मऊ पडून लवकर झिजतो. कुरुंदाचे तयार चाकही पाणी शोषते. मग एक बाजू जड होते आणि चाक फिरताना हिसके खाते. ज्या तालुक्यात वर्षाकाठी २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेथे पागोळीखाली ठेवलेल्या यंत्राचे पात्र चार महिने आपोआप भरलेले राहते, हे लक्षात घ्यावे.

तथापि प्रत्येक वेळी दोष पाण्याचाच असतो असे नव्हे. म्हणून दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी खडूची परीक्षा करावी. विजेचे यंत्र असल्यास प्रथम वीज तोडावी. आधारपट्टीवर खडू घट्ट टेकवून त्याचे टोक चाकाजवळ आणावे व चाक हाताने सावकाश फिरवावे. जेथे खडू उमटेल तो उंचवटा. सर्वत्र सारखी रेघ उमटली तर चाक गोल आहे. एकाच भागावर उमटली तर ते लंबगोल झाले आहे, किंवा आस वाकला आहे. या दोहोंतील भेद ओळखण्याची युक्ती सोपी आहे. उंचवट्याची खूण चाकावर व आसावरही करावी, चाकी सैल करून दगड आसावर अर्धा फेरा फिरवावा, पुन्हा आवळावा आणि खडू लावून पाहावा. उंचवटा दगडाबरोबर सरकला तर दोष दगडात. आसावरील खुणेपाशीच राहिला तर दोष आसात. दुसऱ्या परिस्थितीत दगड घासणे म्हणजे चांगला दगड व्यर्थ घालविणे होय. वाकलेला आस लेथवर सरळ करून घ्यावा. यंत्रमागांच्या भिवंडी शहरात लेथवर काम करणारे कारागीर शोधावे लागत नाहीत.

चाक गोल असूनही डावी-उजवीकडे डोलत असेल, तर दगडाच्या दोन्ही बाजूंच्या लोखंडी चकत्या काढून गंज व चिखल साफ करावा आणि दगड व चकती यांच्यामध्ये जाड कागदाची चकती घालावी. चाकी बेताने आवळावी; अति आवळल्यास दगड तडकतो. चाकाची एकच कड झिजून ते गाजरासारखे निमुळते झाले असेल, तर आधारपट्टी आसाला समांतर नाही, असे समजावे व दोन्ही टोकांशी अंतर मोजून ती बसवावी.

विळ्याचा प्रश्न मात्र निराळा आहे. त्याची धार आतील वळणावर असल्याने ती चाकाच्या सपाट तोंडावर नीट बसत नाही. धार लावणारा मग चाकाचा कोपरा वापरतो, आणि तोही नेहमी आपल्या हाताकडचाच. तो कोपरा गोलावतो व हळूहळू सारे तोंड उतरते होते. यावर उपाय म्हणजे विळ्यासाठी एक कोपरा राखून ठेवावा, पाते मुठीपासून टोकापर्यंत सतत सरकते ठेवावे आणि अधूनमधून दगड उलटा बसवावा. कोयता व सपाट पाती मात्र तोंडाच्या पूर्ण रुंदीवर फिरवावीत. वैभव विळ्यासारखा दात्यांचा विळा या चाकावर धरूच नये. दाते गेले की विळाच गेला.

दोष दूर झाल्यावर दगड गोल करावा. वालुकाश्मासाठी साध्या लोखंडी नळीचे तोंड पुरते. कुरुंदाच्या चाकास दगड गोल करण्याची दातेरी हत्यारे अथवा सिलिकॉन कार्बाइडची कांडी लागते. हत्यार आधारपट्टीवर पक्के टेकवावे. नुसत्या हाताने दाबल्यास हात उंचवट्याबरोबर वर-खाली होतो आणि लंबगोल तसाच राहतो. एका वेळी अगदी पातळ थर काढीत कडेपासून कडेपर्यंत जावे आणि खडू सर्वत्र सारखा उमटताच थांबावे. हे काम पाणी चालू ठेवूनच करावे. वालुकाश्माच्या कोरड्या धुळीत सिलिका असते व ती फुप्फुसांस कायमची इजा करते. ओल्या कामातही नाकातोंडावर मुखपट्टी बांधावी व डोळ्यांवर चष्मा लावावा.

पाण्याच्या यंत्राचा दगड वेगाने फिरणाऱ्या कोरड्या यंत्रावर कधीही चढवू नये. तो फुटून तुकडे उडतात. दगडावर फेऱ्यांची मर्यादा छापलेली असेल तर ती काटेकोरपणे पाळावी. रोजचे काम आटोपल्यावर पात्र रिकामे करावे, चाक चार-सहा फेरे कोरडेच फिरवून पाणी झटकावे आणि आसाला तेलाचे बोट लावावे. ते तेल दगडास लागू देऊ नये. तेलकट जागी लोखंडाचा कीस चिकटून तेवढाच भाग गुळगुळीत होतो, आणि गुळगुळीत भाग मागे राहून बाकीचा दगड झिजू लागतो.