स्मार्ट थर्मोस्टॅट

स्मार्ट थर्मोस्टॅट हा घरातील तापन व शीतन यंत्रणेचे नियमन करणारा, इंटरनेटशी जोडलेला तापनियंत्रक होय. अमेरिका व कॅनडातील घरांत तो बहुधा भिंतीवरील जुन्या थर्मोस्टॅटच्या जागी, त्याच तारांवर बसवला जातो. ही अदलाबदल वरवर सोपी दिसते. परंतु दोन्ही उपकरणांची विजेची गरज मुळातच वेगळी असल्याने अडचणी उद्भवतात. महाराष्ट्रात घर तापवण्याची यंत्रणा सहसा नसते. तथापि इस्त्री ठरावीक तापमानाला आपोआप बंद होते, त्यामागील तत्त्व हेच आहे.

जुन्या थर्मोस्टॅटची रचना

विजेवर चालणाऱ्या खोलीतील थर्मोस्टॅटचे पेटंट वॉरन जॉन्सन यांना १८८३ मध्ये मिळाले. पुढे हेन्री ड्रेफस यांनी आरेखित केलेला हनीवेल कंपनीचा गोल ‘टी-८७’ १९५३ मध्ये बाजारात आला आणि अमेरिकी घरांत सर्वत्र दिसू लागला. त्यात द्विधातू पट्टीची गुंडाळी असून तिच्या टोकाला पारा भरलेली काचेची लहान कुपी असते. खोली थंड झाली की गुंडाळी वळते, कुपी कलते, पारा दोन तारांच्या टोकांवर येऊन विद्युत मंडल पूर्ण करतो आणि तळघरातील फर्नेस पेटते. म्हणजे हा थर्मोस्टॅट केवळ एक बटण आहे. त्याला स्वतःसाठी वीज लागत नाही. कुपी कलण्यावरच सारे अवलंबून असल्याने तो भिंतीवर अगदी समपातळीत बसवावा लागे.

‘सी’ तारेचा प्रश्न

फर्नेसमधील रोहित्र २४ व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह पुरवते. ‘आर’ ही पुरवठ्याची तार. तिचा ‘डब्ल्यू’शी संयोग झाला की उष्णता, ‘वाय’शी झाला की शीतन आणि ‘जी’शी झाला की पंखा सुरू होतो. केवळ तापनाची सोय असलेल्या जुन्या घरांत भिंतीतून दोनच तारा येतात, कारण बटणाला तेवढ्या पुरेशा होत्या. स्मार्ट थर्मोस्टॅटमध्ये मात्र पडदा, प्रक्रियक व वाय-फाय असतात. त्यांना अखंड वीज हवी आणि त्यासाठी प्रवाह रोहित्राकडे परत नेणारी ‘सी’ तार लागते.

ही तार नसल्यास काही उपकरणे ‘डब्ल्यू’ किंवा ‘वाय’च्या मंडलातून अत्यल्प प्रवाह घेऊन आपली बॅटरी भारित करतात. हा मार्ग अनेक घरांत चालतो. काही घरांत मात्र रिले खडखडतो किंवा कडाक्याच्या थंडीत बॅटरी उतरून पडदा काळा पडतो. भिंतीतील जुडग्यात न वापरलेली एखादी तार गुंडाळून ठेवलेली असते. तीच दोन्ही टोकांना ‘सी’ म्हणून जोडणे हा सर्वांत चांगला उपाय होय. अन्यथा फर्नेसपाशी बसवायचा अनुकूलक किंवा २४ व्होल्टचे स्वतंत्र रोहित्र वापरतात.

जोडणी

काम सुरू करण्यापूर्वी फर्नेसचा वीजपुरवठा मुख्य पेटीतून बंद करणे आवश्यक आहे. ‘आर’ व ‘सी’ चुकून एकमेकांस टेकल्यास नियंत्रण फलकावरील फ्यूज उडतो. फ्यूज नसल्यास रोहित्रच जळू शकते. तारांचा रंग विश्वासार्ह नसतो. कोणती तार कोणत्या अक्षराच्या स्क्रूखाली होती याचे छायाचित्र घेणे व प्रत्येक तारेला चिठ्ठी लावणे हाच खात्रीचा मार्ग. जुन्या थर्मोस्टॅटमागे जाड तारा आढळल्या किंवा त्यावर १२० वा २४० व्होल्ट असे लिहिलेले असले, तर तो थेट मुख्य विजेवर चालणाऱ्या हीटरचा असतो. तेथे २४ व्होल्टचे उपकरण जोडणे धोक्याचे आहे.

हीट पंप असलेल्या घरी आणखी एक काळजी घ्यावी लागते. त्यातील दिशा बदलणारी झडप ‘ओ’ पद्धतीत शीतनाच्या वेळी, तर ‘बी’ पद्धतीत तापनाच्या वेळी कार्यान्वित होते. ही निवड उलट झाल्यास हिवाळ्यात घर तापण्याऐवजी थंड होऊ लागते. तारा येतात ते भिंतीतील छिद्रही बुजवावे. त्यातून येणारी गार हवा संवेदकाची दिशाभूल करते.

काढलेला पाऱ्याचा थर्मोस्टॅट कचऱ्यात टाकू नये. पारा विषारी आहे. कुपी न फोडता उपकरण अखंड स्थितीत घातक कचऱ्याच्या संकलन केंद्रावर द्यावे.

बचत व आयुर्मान

अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या मते दिवसातील ८ तास तापमान नेहमीपेक्षा ७ ते १० अंश फॅरनहाइट खाली ठेवल्यास तापन-शीतनाच्या वार्षिक खर्चात १० टक्क्यांपर्यंत बचत होते. ही बचत तापमान उतरवल्यामुळे होते, उपकरणामुळे नव्हे. जुन्या थर्मोस्टॅटची तबकडी रोज रात्री हाताने फिरवणाऱ्याला नव्या उपकरणातून फारसा लाभ होत नाही. हीट पंपाच्या बाबतीत तर पहाटे तापमान एकदम वाढवल्यास खर्चिक साहाय्यक विद्युत हीटर सुरू होऊन बचत निघून जाऊ शकते.

आयुर्मानाचा मुद्दाही दुर्लक्षण्याजोगा नाही. पाऱ्याचे थर्मोस्टॅट अनेक दशके चालत. २०११ मध्ये आलेल्या नेस्ट थर्मोस्टॅटच्या पहिल्या व दुसऱ्या पिढीचे साहाय्य गूगलने ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले. ती उपकरणे भिंतीवरून हाताने चालवता येतात, परंतु फोनवरून त्यांचे नियंत्रण करता येत नाही.