खोक्यावरचा देश

वाशीच्या फळबाजारात पहाटे गेले की मी आधी खोके वाचते, फळे नंतर बघते. मे महिन्यात एका गाळ्यासमोर कंटेनर लागला होता. दार उघडताच थंडगार वाफ अंगावर आली. माथाडी अठरा-अठरा किलोचे सफरचंदाचे खोके उतरवू लागले. सगळ्यांवर न्यूझीलंडचे नाव. मार्चमध्ये याच जागी इटली आणि इराणच्या मालाची थप्पी होती.

गाळ्यावरच्या शेठनी दोन फळे कापून पुढे केली. एक काश्मीरचे, सीए स्टोअरमधले. तिथे तापमान शून्याजवळ आणि प्राणवायू दोन-तीन टक्क्यांवर ठेवतात, म्हणून ऑक्टोबरचे फळ मेपर्यंत टिकते. दुसरे न्यूझीलंडचे, मार्चमध्ये तोडलेले. "ताई, लांबचं ते शिळं असं नसतं," ते म्हणाले. चावल्यावर पटले. समुद्र ओलांडून आलेले करकरीत होते, आपल्या देशातले किंचित भुसभुशीत. दक्षिण गोलार्धात आपल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी सफरचंदाची तोडणी होते, एवढे साधे कारण. जुलैत हिमाचलचा नवा माल सुरू झाला, मागोमाग काश्मीरचा आला, की हे खोके मागे सरतात. सरायलाच हवेत. ताजे काश्मिरी सफरचंद समोर असताना दुसरे मी घेणार नाही.

माल्ट्याचेही तसेच. नागपुरी संत्र्याचा मृग बहार संपत येतो तेव्हा इजिप्तचा माल्टा भरात असतो, आणि पावसाळ्यात दक्षिण आफ्रिकेचा येतो.

कधी ऋतू तोच राहतो, सरकारी कागद बदलतो. चिनी फुजी एके काळी सगळीकडे दिसायचे. 2017मध्ये किडीच्या कारणावरून चीनच्या सफरचंदांची आयात थांबली आणि ते नाव थप्प्यांवरून गेले. 2023पासून किलोला 50 रुपयांहून स्वस्त पडणारे सफरचंद आयात करता येत नाही. भूतानला तेवढी सूट आहे. हिमाचल-काश्मीरच्या बागायतदारांसाठी हे मला योग्यच वाटते. मात्र फळ कधी तोडले, हे गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही. किरकोळ दुकानात मी विचारते, तर देशाचे नाव मिळते, महिना मिळत नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी पुन्हा गेले, तेव्हा एका गाळ्यात लहान पेट्यांभोवती माणसे जमली होती. मलावीचा हापूस. रत्नागिरीहून नेलेल्या कलमांची ही झाडे विषुववृत्ताच्या पलीकडे आपल्या हिवाळ्यात पिकतात. भाव ऐकून बरेच जण नुसते बघून पुढे जात होते. एका वृद्ध गृहस्थांनी मात्र एक आंबा उचलला, देठाशी नाक नेले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. कोकणात तेव्हा मोहोर नुकता कुठे फुटू लागला होता.