अलाइनमेंटआधी बुश

पारोळ्याहून धुळ्याकडे महामार्गाला लागताच, नवा लोअर आर्म किंवा स्ट्रट बसवलेली गाडी एका बाजूला ओढू लागली, की सल्ला ठरलेला: अलाइनमेंट करा. तो चुकीचा नाही, पण घाईचा आहे. बहुतेक छोट्या गाड्यांत टायरॉडवरून फक्त टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेर रोख, बदलता येतो. टो बिघडला, तर स्टिअरिंग वाकडं राहतं, टायर झिजतात. ओढ मात्र बहुधा डाव्या-उजव्या चाकाच्या कॅम्बर-कॅस्टरमधल्या, म्हणजे चाकाच्या आणि स्टिअरिंगच्या अक्षाच्या कलातल्या, फरकातून येते. शिवाय आर्मच्या सांध्यातल्या बुशचं रबर फिरत नाही, पिळलं जातं. जॅकवर चाक लोंबत असतानाच बोल्ट आवळला, तर गाडी खाली उतरताच ते पिळून बसतं आणि लवकर फाटतं. म्हणून अलाइनमेंटआधी बोल्ट सैल करायचा, गाडी चाकांवर उभी करायची, मगच आवळायचा. वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ होत नसेल, तर संशय स्ट्रटच्या वरच्या बेअरिंगवर. एकाने स्टिअरिंग फिरवावं, दुसऱ्याने स्प्रिंगवर तळहात टेकवावा; बेअरिंग अडकत असेल, तर स्प्रिंग ताणली जाऊन एकदम ‘खट्’ करून सुटते.

‘रस्ताच उतरता आहे,’ असं कोणी म्हणेल. खरंच, पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार असतो आणि गाडी डावीकडे किंचित सरकते. पण मग उजवी ओढ कशी? दोष टायरचा आहे का, हे तपासायला पुढच्या टायरांची अदलाबदल करून पाहावी, अर्थात ते एकाच दिशेने फिरण्यासाठी बनवलेले नसतील तर. ओढीची बाजू बदलली, तर बिचारा आर्म निर्दोष.