चुंबकत्वाने जुळविलेली जोडी

हॉलंडमधील लायडन येथे १९११ साली कामर्लिंग ओनेस यांनी पारा ४.२ केल्विनपर्यंत, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत, थंड केला, तेव्हा त्याचा विद्युत्‌रोध एकाएकी नाहीसा झाला. या अतिसंवाहकतेचा उलगडा व्हावयास १९५७ साल उजाडावे लागले. धातूतील अणूंच्या कंपनांमुळे इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जुळतात व त्या अडथळ्याविना वाहतात, असे बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी दाखविले. जोडीतील दोघांचे चुंबकीय कल परस्परविरुद्ध असतात. चुंबकीय अणू ते एकाच दिशेस वळवू पाहतो आणि जोडी फुटते. चुंबकत्व हे अतिसंवाहकतेचे हाडवैरी, हे जणू सूत्रच ठरले.

आणि १९७९ साली जर्मनीत फ्रांक श्टेग्लिश व त्यांचे सहकारी यांना सिरियम, तांबे व सिलिकॉन यांच्या एका संयुगात सुमारे अर्ध्या केल्विनखाली अतिसंवाहकता आढळली. यातील प्रत्येक सिरियम अणू म्हणजे एक चिमुकला चुंबकच! नमुन्यात भेसळ असावी, असा संशय अनेकांनी घेतला. तो गैरही नव्हता. परंतु सिरियमच्या जागी अचुंबकीय लँथनम घातलेल्या संयुगात अतिसंवाहकता मुळी दिसेचना. जुन्या सूत्राच्या हे अगदी उलट होते.

याहून नवल इलेक्ट्रॉनांचे. आठवड्याच्या बाजारात भेटेल त्याला रामराम करीत निघालेल्या गृहस्थाची चाल मंदावते. तद्वत तापमान उतरू लागले की, वाहते इलेक्ट्रॉन सिरियम अणूंच्या चुंबकत्वात गुंतत जातात. त्यांचे खरे वस्तुमान वाढत नाही. पण धातूच्या उष्णताधारकतेवरून हिशेब केला, तर ते शेकडो पटींनी जड भासतात. अतिसंवाहक होतात तेही हेच जड इलेक्ट्रॉन.

मग त्यांना जोडतो कोण? १९९८ साली केंब्रिजच्या संशोधकांनी सिरियम, पॅलॅडियम व सिलिकॉन यांचे संयुग दाबून पाहिले. एरव्ही सुमारे १० केल्विनखाली त्यातील अणुचुंबक उलटसुलट दिशांनी शिस्तीत बसतात. वातावरणाच्या सुमारे २८,००० पट दाबाखाली ही शिस्त मोडते, आणि नेमकी त्याच सीमेवर, ०.४ केल्विनच्या आसपास, अतिसंवाहकता प्रकटते. मोडू घातलेल्या शिस्तीची चलबिचलच येथे जोड्या जुळवीत असावी, हा त्यांचा निष्कर्ष बहुतेकांस पटला. पुढे २००० साली युरेनियम व जर्मेनियम यांच्या संयुगात, दाबाखाली, लोखंडासारखे सरळ चुंबकत्व आणि अतिसंवाहकता एकाच स्फटिकात एकत्र नांदताना दिसली. श्टेग्लिश यांच्या मूळ संयुगातील जोडीचे नेमके स्वरूप कोणते, हा वाद मात्र अद्याप मिटलेला नाही.