शोकसभेनंतरचा वर्ग

राष्ट्रावर आघात झाला की शिक्षणसंस्थांतील उपचार ठरलेला असतो. दोन मिनिटांची स्तब्धता, प्राचार्यांचे छोटेसे भाषण, मदतनिधीची पेटी आणि सुट्टी. यांपैकी कशालाही नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु खरा प्रश्न उद्भवतो तो दुसऱ्या दिवशी. फळ्यावर अपुरे राहिलेले प्रकरण पुढे चालू होते आणि ‘हे का घडले? उद्या आमच्यावरही ओढवेल काय?’ हा मुलांचा प्रश्न मनातच राहतो. शिक्षकाने तो टाळला, तर त्याचे उत्तर अफवा देतात.

किल्लारीचे उदाहरण या दृष्टीने अभ्यसनीय आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास, गणेशविसर्जन आटोपून गावे झोपली असताना, धरणी हादरली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांत सरकारी आकड्यांनुसारच साडेसात हजारांवर माणसे दगावली. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप तीव्रतेने कमी नव्हता. तेथील मृतांची संख्या मात्र दोनशेच्या आसपास होती. मग किल्लारीतच एवढा संहार का?

याचे उत्तर दैवकोपात नव्हे, भिंतींत सापडते. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर उन्हाळ्यात गारवा देणारे मातीचे जड माळवद यांखाली कुटुंबेच्या कुटुंबे गाडली गेली. हलक्या छपराखाली झोपलेले अनेक जण वाचले. दख्खनचे पठार अचल आहे, या समजुतीने नकाशातही हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखविलेला होता. १९९२ पासून किल्लारीला लहान धक्के बसत होते, तरी घरे तशीच राहिली. नकाशा सुधारला तो २००२ साली.

विद्यार्थ्याला हे सांगणे म्हणजे त्याच्या दुःखावर माहितीचे ओझे लादणे नव्हे. भय निराकार असते तोवरच ते अमर्याद असते. भिंतीचे दोन थर सांधणारे लांब दगड आणि दारे-खिडक्यांवरून सर्व भिंतींना बांधणारा सलग पट्टा यांनी घर तगू शकते, हे कळले की हतबलतेची जागा विचार घेतो.

मात्र येथे क्रमाचे भान हवे. ज्याचे घरच गेले, त्याला आधी कारणमीमांसा नको असते. त्याला माणसे हवी असतात आणि दिवसाला आकार हवा असतो. किल्लारीनंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलांना पुण्यास आणून त्यांच्या शिक्षणाची सोय केली. घंटा, पंगत, अभ्यास, खेळ असा नित्यक्रम हाही सांत्वनाचाच प्रकार होय. अशा मुलाला ‘मी पाहिलेला भूकंप’ या विषयावर दहा गुणांचा निबंध लिहावयास लावणे ही क्रूरता आहे. त्याला बोलावेसे वाटेल तेव्हा ऐकणारे कोणी असावे, एवढे पुरे.

दूरवरच्या विद्यार्थ्यांचे काय? वर्गणी देऊन त्यांचे कर्तव्य संपत नाही. आपल्या गावातील शाळेची इमारत कशी बांधली आहे, तिची तपासणी अखेरची केव्हा झाली, याची चौकशी त्यांनी करावी. मृतांसाठी स्तब्ध उभे राहणे उचितच आहे. पण त्यानंतर खाली बसून हे प्रश्न विचारावयास शिकविणे, हे शिक्षकाचे काम आहे.