एचडीएल वाढलं, पण हृदय वाचलं का?

येवल्याचा पैठणी विणकर दिवसातले कितीतरी तास मागावर बसून काढतो. हात-पाय चालतात, पण माणूस जागचा हलत नाही. पन्नाशीतल्या अशा एखाद्या विणकराचा लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट आला, समजा: एकूण कोलेस्टेरॉल २१०, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) ३४, ट्रायग्लिसराइड २६०. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, पुष्कळदा मोजत नाहीत, हिशेबाने काढतात. ट्रायग्लिसराइडला ५ ने भागलं की ५२. ते ५२ आणि एचडीएलचे ३४ एकूणातून वजा केले की उरतं १२४. हे सूत्र १९७२ चं. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की ते चालत नाही.

हाच रिपोर्ट गेल्या चार दशकांत वेगवेगळ्या वेळी डॉक्टरांपुढे ठेवला असता, तर दर वेळी वेगळी चिठ्ठी मिळाली असती.

१९८० च्या दशकात डॉक्टरांच्या हाती फारसं काही नव्हतं. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या क्लोफायब्रेटवरचा विश्वास १९७८ मध्येच डळमळला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत या औषधाने हृदयविकाराचे झटके कमी झाले, पण एकूण मृत्यू वाढले. आपल्याकडे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने गुग्गुळापासून गुगुलिपिड तयार केलं आणि ते बाजारातही आलं. पुढे २००३ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीत ते घेणाऱ्यांचं एलडीएल कमी व्हायच्या ऐवजी किंचित वाढलेलं दिसलं.

खरा बदल जपानमधून आला. सांक्यो कंपनीतल्या अकिरा एंडो यांनी हजारो बुरशा तपासल्या आणि १९७३ च्या सुमारास त्यांना तांदळावरच्या एका बुरशीत यकृतातली कोलेस्टेरॉलनिर्मिती रोखणारं द्रव्य सापडलं. त्याच कुळातल्या, म्हणजे स्टॅटिन वर्गातल्या, लोव्हास्टॅटिनला १९८७ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. तरी कोलेस्टेरॉल उतरवून जीव वाचतात का, ही शंका होतीच. ती १९९४ मध्ये फिटली. स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांत सिम्व्हास्टॅटिनने एकूण मृत्यू ३० टक्क्यांनी कमी केले.

मग अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन आलं आणि भारतीय कंपन्यांनी त्याच्या स्वस्त गोळ्या काढल्या. आपल्या विणकराने ही गोळी नियमित घेतली, तर काही आठवड्यांत एलडीएल १२४ वरून ७५ च्या आसपास येईल आणि ट्रायग्लिसराइड २०० च्या जवळ. एचडीएल मात्र फार तर दोन-तीन अंकांनी हलेल. पेशंट नाराज होतो तो इथेच: ‘डॉक्टर, चांगलं कोलेस्टेरॉल काही वाढलं नाही.’

ही नाराजी औषध कंपन्यांनाही होती. फायझरच्या टॉर्सेट्रापिबने एचडीएल तब्बल ७२ टक्क्यांनी वाढवलं. २००६ च्या डिसेंबरात त्याची चाचणी थांबवावी लागली, कारण ते घेणाऱ्यांत मृत्यू वाढले होते. नायसिननेही एचडीएल चढतं, पण स्टॅटिनच्या जोडीला ते दिल्याने झटके कमी झाले नाहीत. २०११ आणि २०१३ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांनी तेच सांगितलं. कमी एचडीएल ही धोक्याची खूण खरी, पण औषधाने तो आकडा वर ढकलला म्हणून धोका टळत नाही.

ट्रायग्लिसराइडचंही असंच झालं. २०१० मध्ये मधुमेहींना स्टॅटिनसोबत फेनोफायब्रेट देऊन एकंदर फायदा दिसला नाही. फक्त ट्रायग्लिसराइड २०४ च्या वर आणि एचडीएल ३४ किंवा कमी असलेल्या गटात आशा वाटली, म्हणजे नेमका आपल्या विणकराचा रिपोर्ट. त्या आशेची परीक्षा २०२२ मध्ये १०,००० हून अधिक मधुमेहींवर झाली. त्याच गटातल्या पेमाफायब्रेटने ट्रायग्लिसराइड २६ टक्क्यांनी उतरलं, झटके मात्र तेवढेच राहिले. ५०० च्या पुढे गेलेलं ट्रायग्लिसराइड उतरवावंच लागतं, पण ते मुख्यतः स्वादुपिंडाला सूज येऊ नये म्हणून.

हा इतिहास आपल्यासाठी जास्त महत्त्वाचा का, ते २०१४ मध्ये आकड्यांत दिसलं. महाराष्ट्र, तामिळनाडू, झारखंड आणि चंडीगड इथल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीत ७२ टक्के लोकांचं एचडीएल कमी निघालं, सुमारे ३० टक्क्यांचं ट्रायग्लिसराइड जास्त. एकूण कोलेस्टेरॉल वाढलेले १४ टक्केच होते. म्हणजे औषधाने ज्या दोन आकड्यांवर निराशा केली, तेच आपले नेहमीचे आकडे.

भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये कोलेस्टेरॉलविषयी पहिल्यांदा स्वतःच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांतही भर एलडीएलवरच आहे: धोका जास्त असेल तर ७० च्या खाली, फारच जास्त असेल तर ५५ च्या खाली. ट्रायग्लिसराइड वाढलेलं असेल तर एकूणातून एचडीएल वजा करून उरणारा आकडाही पाहायचा. तेव्हा एचडीएल वाढलं नाही म्हणून स्टॅटिन बंद करणं हा उलटा हिशेब आहे. गोळीचं काम एलडीएलच्या रकान्यात बघावं. बाकीच्या दोन रकान्यांसाठी साखर, दारू आणि पोटाचा घेर कमी करावा, तंबाखू सोडावी आणि मधून मधून मागावरून उठून चालावं.