पंधरा तारा आणि एक माउस

१९९७ च्या सुमारास डोंबिवलीत, रामनगरमधल्या एका पोटमाळ्यावर आम्ही काँप्युटर जुळवून द्यायचो. सुटे भाग लॅमिंग्टन रोडवरून लोकलने यायचे. मॉडेम नंबर फिरवायला लागला की स्क्रीनवरचा बाण जागीच थिजायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, "माउस बदलून द्या हो!" माउस बिचारा निर्दोष. तो आणि मॉडेम एकाच तारेवर बसलेले.

तार म्हणजे इंटरप्टची तार, आमच्या बोलण्यात आयआरक्यू. ती नसती तर प्रोसेसरला दर क्षणी उठून दार उघडून पाहावं लागलं असतं, कुणी आलंय का. आता तो आपलं काम करत बसतो. बेल वाजली की हातातलं तिथेच ठेवतो, आलेलं घेतो आणि सोडलं तिथून पुढे चालू. आयबीएमच्या १९८१ च्या पीसीत अशा ८ तारा होत्या. १९८४ च्या एटीत आणखी ८ आल्या, पण तारा सांभाळणारी दुसरी चिप पहिलीला जोडण्यात एक खर्ची पडली. उरल्या १५. त्यातली ० टायमरची, १ कीबोर्डची, ६ फ्लॉपीची, १४ हार्डडिस्कची. ५ वर बहुधा साउंड कार्ड. माउस कॉम-१ पोर्टवर, म्हणजे तार ४. मॉडेम कॉम-३ वर, तीही ४!

उपाय चिमट्याचा. जम्पर म्हणजे दोन पिनांवर बसणारी इवलीशी टोपी. ती सरकवून मॉडेम कॉम-२ वर न्यायचा, की त्याला तार ३ मिळे. पण आधी बायोसमध्ये जाऊन बोर्डावरचा कॉम-२ बंद करायचा. ते विसरलं की पहिले पाढे पंचावन्न. टोपी लादीवर पडली तर शोधण्यात अर्धा तास जायचा, तो वेगळाच. तारांचा हिशेब डॉसमध्ये एमएसडी नावाचा प्रोग्राम दाखवायचा. विंडोज ९५ मध्ये डिव्हाइस मॅनेजरातलं पिवळं उद्गारचिन्ह.

पुढे पीसीआय कार्डं एक तार वाटून घ्यायला शिकली. आता तर बऱ्याच कार्डांना तारच लागत नाही, ती मेमरीतल्या ठरलेल्या पत्त्यावर एक आकडा लिहितात आणि प्रोसेसरला निरोप पोचतो. जम्पर गेले, पाहण्याची खोड मात्र राहिली. लिनक्समध्ये ‘/प्रॉक/इंटरप्ट्स’ नावाची फाइल आहे. ती डिस्कवर नसतेच. वाचायला घेतली की कर्नल तेवढ्यापुरती लिहून देतो. प्रत्येक कोअरचा रकाना, प्रत्येक उपकरणाची ओळ. कुठल्या ओळीचा निरोप कुठल्या कोअरने घ्यायचा, हेही तिथूनच जवळ, ‘एसएमपी ॲफिनिटी’त ठरवता येतं.

माझ्या जुन्या लॅपटॉपवर कीबोर्ड अजून तार १ वरच आहे. ‘अ’ची कळ एकदा दाबली की त्या ओळीतला आकडा दोनने वाढतो: एक दाबल्याचा, एक सोडल्याचा.